संध्याकाळी क्राकूफला पोहोचताय? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

भारतातून पोलंडमधल्या क्राकूफला थेट विमान नाही. वॉर्सा, फ्रँकफर्ट, म्युनिक, इस्तंबूल असं कुठंतरी बदलून यावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी दमलेली, भुकेली आणि नेमकी दिवेलागणीला उगवतात. दारात पाऊल ठेवताच प्रश्न सुरू होतात आणि ते दर वेळी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

सहा-सातला पोहोचलो तर सगळं बंदच असणार. मग ती संध्याकाळ वाया गेली असंच समजायचं का?

अजिबात नाही. संग्रहालयं बंद होतात आणि मारियात्स्की चर्चचं पर्यटकांसाठीचं दारही संध्याकाळी लागतं. पण चौक, गल्ल्या, बागेचा पट्टा आणि नदीकाठ यांना दारच नाही आणि या शहराचं खरं वैभव तिथेच आहे. माझा सल्ला एकच: पहिल्या संध्याकाळी एकही तिकीट काढू नका. जे आत जाऊन बघायचं ते उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघा, आज फक्त चाला. जुनं शहर एवढंसं आहे की स्टेशनपासून राजवाडा असलेल्या वावेलच्या टेकडीपर्यंत न थांबता अर्ध्या तासात जाता येतं.

घड्याळाचाही विचार करा. उन्हाळ्यात इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा घरी साडेअकरा झालेले असतात, हिवाळ्यात तर साडेबारा. मुलं जेवणाच्या ताटावरच पेंगतात, तेव्हा जेवण लवकर उरका.

विमानतळावरून गावात कसं यायचं?

रेल्वेने. विमानतळ बालित्से भागात, शहराच्या पश्चिमेला साधारण ११ किलोमीटरवर आहे. टर्मिनलच्या समोरच स्टेशन आहे आणि तिथून मुख्य स्टेशन, म्हणजे क्राकूफ ग्वुव्नी, साधारण वीस मिनिटांवर. तिकीट फलाटावरच्या यंत्रावर किंवा गाडीत मिळतं. विमान फारच उशिरा उतरलं तर रात्रीची बस असते, शिवाय बोल्ट आणि उबर दोन्ही चालतात. चौघंजण आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, तिच्यावर बॅगेची चाकं ओढताना सगळ्या गल्लीला आपलं आगमन कळतं.

आम्ही वॉर्साहून रेल्वेने येतोय. स्टेशनातून बाहेर कसं पडायचं? सगळे म्हणतात तिथे हरवायला होतं.

हो, होतं. वेगवान गाडीने अडीच तासांत वॉर्साहून येता आणि पुढची पंधरा मिनिटं स्टेशनात फिरता. कारण फलाटांच्या खाली भुयारी दालन आहे आणि ते थेट गालेरिया क्राकोफ्स्का या मॉलमध्ये उघडतं. 'स्तारे मियास्तो' म्हणजे जुनं शहर, त्या पाटीचा पिच्छा पुरवा. मॉलमधून बाहेर आलात की मोठं पटांगण लागतं. ते ओलांडून भुयारी रस्त्याने पलीकडे निघालात की झाडी दिसते. ती प्लांटीची बाग, तिथे पोहोचलात की सुटलात. सामान ठेवायला स्टेशनात लॉकर आहेत.

राहायला कुठला भाग बरा?

पहिल्यांदा येत असाल आणि उशिरा पोहोचत असाल तर स्टेशन आणि बार्बिकन हा जुना बुरूज यांच्यामधला क्लेपाश भाग सोयीचा. पाच-सात मिनिटांत खोलीवर पोहोचता आणि चौकही जवळ राहतो. ऐन चौकाभोवती खोली घेतली तर खिडकीतून दिसतं झकास, पण शुक्रवारी-शनिवारी पहाटेपर्यंत कुणी ना कुणी गात जातं. इंग्लंडहून लग्नाआधीची मौज करायला येणाऱ्या तरुणांचे जथे इथे फार.

दोन गोष्टी बुकिंग करतानाच विचारा. एक, लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींना बहुधा नसते आणि सासूबाईंना चौथा मजला चढवणं शक्य नसतं. दुसरी, रात्री चावी कोण देणार. कित्येक अपार्टमेंटना स्वागतकक्षच नसतो, दाराचा आकडा मोबाईलवर येतो. भारतीय सिम इथे चालत नसेल तर तो आकडा विमानात बसायच्या आधीच लिहून घ्या.

ठीक. बॅगा टाकल्या, सात वाजलेत. आता पाय कुठे वळवायचे?

उत्तरेकडून दक्षिणेकडे. पोलंडचे राजे राज्याभिषेकासाठी ज्या वाटेने वावेलला जात, तीच वाट धरा.

सुरुवात बार्बिकनपासून करा. विटांचा हा गोल बुरूज १४९८-९९ मध्ये तुर्कांच्या धास्तीने बांधला. भिंत तीन मीटर जाड आहे. त्याच्यामागे फ्लोरियन दरवाजा. एकोणिसाव्या शतकात शहराचा तट जवळपास सगळा पाडला आणि त्या जागी शहराला वेढा घालणारी सुमारे चार किलोमीटरची बाग केली, तीच ही प्लांटी. तटाचा हा एवढा तुकडा वाचला तो प्राध्यापक फेलिक्स राद्वान्स्की यांच्यामुळे. तट पाडलात तर उत्तरेचा बोचरा वारा थेट चौकात शिरेल आणि लोक आजारी पडतील, असं म्हणे त्यांनी नगरसभेला पटवलं. वारसा वगैरे सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. सर्दीची भीती लागू पडली.

दरवाज्यातून आत शिरलात की फ्लोरियान्स्का गल्ली. दुकानं, आइस्क्रीम, गर्दी. इथे रेंगाळू नका, समोर मारियात्स्कीचा मनोरा दिसतोय तिकडे चला.

मग एकदम चौक उघडतो. रिनेक ग्वुव्नी. दोन्ही बाजूंना सुमारे २०० मीटर, युरोपातल्या सर्वांत मोठ्या मध्ययुगीन चौकांपैकी एक. १२४१ च्या मंगोल स्वारीत गाव उद्ध्वस्त झालं आणि १२५७ मध्ये ड्यूक बोलेस्वाव याने नव्याने आखणी करून दिली. ती आखणी आजही जशीच्या तशी आहे. चौकाच्या मधोमध सुक्येन्नित्से म्हणजे जुना कापडबाजार. खालच्या कमानींत आता अंबरचे दागिने आणि लाकडी खेळणी विकतात, वरच्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या पोलिश चित्रांचं दालन आहे. चौकाच्या पोटात, जमिनीखाली, उत्खननातून उभं केलेलं संग्रहालय २०१० मध्ये सुरू झालं. दोन्ही उद्यासाठी.

एका कोपऱ्यात सेंट वोइचेखचं इवलंसं चर्च आहे, तिथून दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. शतकानुशतकं भर पडून चौकच वर आला, चर्च जागच्या जागी राहिलं. नगरभवनाचा एकटा मनोरा उभा दिसेल, साधारण ७० मीटर उंच. बाकीचं नगरभवन १८२० मध्ये पाडलं. त्याच्या पायथ्याशी ब्राँझचं एक प्रचंड पोकळ डोकं आडवं पडलंय, ईगोर मितोराय या शिल्पकाराचं. मुलं त्याच्या डोळ्यांतून बाहेर डोकावतात. फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढाल.

कवी आदाम मित्सकियेविचचा पुतळा ही इथल्या लोकांची भेटायची जागा. 'आदाशखाली भेटू' असंच म्हणतात. १८९८ मध्ये उभारला, नाझींनी १९४० मध्ये पाडला, १९५५ मध्ये परत उभा राहिला.

चौकातून ग्रोत्स्का रस्त्याने पुढे निघा. डाव्या हाताला कुंपणावर बारा प्रेषितांचे पुतळे असलेलं चर्च लागेल. त्याच्या शेजारचं जाड भिंतींचं, किल्ल्यासारखं दिसणारं सेंट आंद्झेयचं चर्च जास्त निरखून बघा. ते अकराव्या शतकातलं आहे आणि मंगोल आले तेव्हा लोकांनी त्यातच आसरा घेतला होता. तिथून पाच-सात मिनिटांत वावेलचा पायथा.

दर तासाला तुतारी वाजते आणि मध्येच तुटते. वाजवणारा चुकतो का?

चुकत नाही, तिथेच थांबायचं असतं. या सुरावटीला हेयनाव म्हणतात. मारियात्स्कीच्या उंच, ८० मीटरहून जास्त उंचीच्या मनोऱ्यावरून ती चोवीस तास, दर तासाला, चार दिशांना वाजवली जाते. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. पूर्वी आग आणि शत्रू दोन्हींवर नजर ठेवणारा पहारेकरी तिथे बसायचा, तेच काम थोड्या वेगळ्या रूपात चालू आहे. दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओवरून देशभर ऐकू जाते.

दंतकथा अशी की मंगोल येताना पाहून पहारेकऱ्याने इशारा दिला आणि बाण त्याच्या गळ्यात घुसला. म्हणून सूर तिथेच तुटतो. कथा आजच्या रूपात लोकप्रिय झाली ती विसाव्या शतकात, म्हणून फार खोलात शिरू नका. चार दिशांचा हिशेब मात्र मजेदार आहे: एक वावेलच्या राजासाठी, एक नगराध्यक्षांसाठी, एक फ्लोरियन दरवाज्याकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि एक अग्निशमन दलातल्या सहकाऱ्यांसाठी. तिसरी तुमची. वाजवून झालं की खिडकीतून हात हलवतात, खालून तुम्हीही हलवा.

चर्चच्या आत शिल्पकार व्हिट स्टॉसने १४७७ ते १४८९ या काळात कोरलेली लाकडी वेदी आहे, सुमारे १३ मीटर उंच. युद्धात जर्मनांनी ती न्यूरेंबर्गला पळवली, १९४६ मध्ये परत आली. तिची कवाडं दुपारी बाराच्या जरा आधी समारंभाने उघडतात, दुसऱ्या दिवसाचा बेत त्या वेळेभोवती आखा.

मुलांना ड्रॅगन बघायचाय. रात्री दिसतो का?

रात्रीच जास्त चांगला दिसतो. वावेलच्या पायथ्याशी, व्हिस्टुला नदीच्या काठावर ब्रोनिस्वाव ख्रोमी यांनी घडवलेला धातूचा ड्रॅगन आहे. १९७० च्या दशकापासून तिथे उभा आहे आणि दर काही मिनिटांनी तोंडातून खरीखुरी आग ओकतो. गॅसची नळी आहे, जादू नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला ते सांगायची घाई करू नका. कथाही सांगा: गुरं-माणसं खाणाऱ्या ड्रॅगनला एका चांभाराच्या पोराने गंधक भरलेली मेंढी खायला घातली. पोटात आगडोंब उसळला, तो नदीवर पाणी पीत सुटला आणि पिता पिता फुटला. तलवारीने नव्हे, डोक्याने मारला.

टेकडीवरचं आवार संध्याकाळी बंद होतं, उन्हाळ्यात उशिरा आणि हिवाळ्यात लवकर. बंद असलं तरी नदीकाठावरून तटबंदीवरचे दिवे बघत फिरता येतं. कॅथेड्रल, राजवाडा आणि १५२० मध्ये ओतलेली साडेबारा टनांची झिग्मुंत घंटा सकाळी. कॅथेड्रलच्या दाराशी साखळीला प्रचंड हाडं टांगली आहेत, ड्रॅगनची म्हणून. प्रत्यक्षात ती मॅमथ, गेंडा आणि देवमाशाची. ती पडली की जग बुडेल म्हणतात.

वावेलवर शंकराने टाकलेला दगड आहे असं ऐकलं. खरं की थाप?

हा प्रश्न आपल्याच लोकांकडून येतो. शंकराने पृथ्वीवर सात दगड फेकले, ते सात ठिकाणी पडले आणि ऊर्जाचक्रं झाली, त्यातलं एक वावेलच्या अंगणात सेंट गेरेऑनच्या जुन्या चॅपलखाली आहे, अशी समजूत गेल्या शतकात इथे पसरली. आपल्या कुठल्याही पुराणात ही गोष्ट मी वाचलेली नाही. पण लोक अंगणाच्या कोपऱ्यातल्या त्या भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटून उभे राहत. वाड्याच्या व्यवस्थापनाला हे कधीच आवडलं नाही, चर्चलाही नाही. जाऊन कोपरा बघून या, नारळ नेऊ नका.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही, पण सावध राहावं लागेल. पहिला धोका फुकट मिळणाऱ्या पदार्थाचा आहे. पारंपरिक खाणावळीत बसलात की ब्रेडबरोबर एका वाटीत पांढरं, लोण्यासारखं काही आणून ठेवतात. तो स्मालेत्स, म्हणजे डुकराची चरबी. भुकेच्या भरात पाव बुडवून मोकळं होऊ नका.

पियेरोगी म्हणजे आपल्या उकडीच्या करंजीचाच भाऊ. त्यातले 'रुस्किए' मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज असतं. काही ठिकाणी वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे कण, स्क्फार्की, भुरभुरतात, म्हणून 'बेस स्क्फारेक' असं आधीच सांगा. 'बेस मियेन्सा' म्हणजे मांस नको. कोबी-अळंबीचे पियेरोगीही चांगले, पण खात्री करून घ्या. बटाट्याची धिरडी, प्लात्स्की, आंबट सायीबरोबर मिळतात. सूपच्या बाबतीत मात्र विश्वास ठेवू नका. बीटचं लालभडक बार्श्च दिसायला निरागस असतं, पाणी बहुधा हाडांचं. झुरेकमध्ये तर सॉसेज असतंच.

रस्त्यावर ओब्वाझानेक घ्या, पिळाची गोल पावकडी, तीळ किंवा खसखस लावलेली. चौकाभोवती हातगाड्यांवर मिळते आणि सकाळची ताजी असते. संध्याकाळी उरलेली चिवट होते, तेव्हा आज नको, उद्या न्याहारीला ताजी घ्या. मेंढीच्या दुधाचं धुरी दिलेलं ओस्चिपेक चीज निखाऱ्यावर भाजून क्रॅनबेरीच्या मुरांब्याबरोबर देतात. अप्रतिम लागतं, पण त्यात जनावराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो पोटातला रस, असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी टाळावं.

स्वस्त 'बार म्लेचनी' खाणावळी संध्याकाळी लवकर बंद होतात, पहिल्या रात्री त्यांच्या भरवशावर राहू नका. भारतीय हॉटेलं आहेत, व्हिगनही बरीच आहेत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

काझिमियेशला पहिल्याच रात्री जावं का?

अंगात त्राण असेल तर जेवायला जा. राजा तिसरा काझिमियेश याने १३३५ मध्ये वसवलेलं हे वेगळं गाव, नंतर शहराचा भाग झालं. वावेलवरून चालत पंधरा मिनिटं. प्लात्स नोवी या छोट्या चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापियेकांका मिळते: अर्धा लांबलचक पाव, अळंबी, चीज, वर मागाल ते. साध्या झापियेकांकाला मांस नसतं आणि ती रात्री उशिरापर्यंत मिळते.

पण हा भाग फक्त खाण्यापिण्याचा समजून परतू नका. युद्धापूर्वी क्राकूफमध्ये सुमारे ६५,००० ज्यू राहत होते, शहराच्या जवळपास चौथा हिस्सा. त्यांचं जुनं केंद्र हेच. शेरोका रस्त्यावरचं रेमू सिनेगॉग सोळाव्या शतकातलं आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. १९४१ मध्ये नाझींनी ज्यूंना नदीपलीकडे पोदगूझे भागातल्या घेट्टोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत, कोंबलं आणि मार्च १९४३ मध्ये तो घेट्टो रिकामा केला. कुणाला छावणीत, कुणाला जागच्या जागी गोळ्या. तिथल्या चौकात आज धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. घरातून ओढून बाहेर फेकलेल्या सामानाची ती आठवण. त्याच चौकाच्या कडेला तादेउश पानकियेविच यांचं औषधाचं दुकान आहे. घेट्टोच्या आत राहून दुकान चालवणारा हा बिगरज्यू पोलिश माणूस लोकांना औषधं, निरोप आणि लपायला जागा देत राहिला. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलरचा कारखाना जवळच लिपोवा रस्त्यावर, आता संग्रहालय. तिकिटं आधी संपतात, काही दिवस आगाऊ काढा.

हे सगळं दिवसा आणि शांतपणे करायचं. बिअरचा ग्लास हातात घेऊन त्या खुर्च्यांवर फोटोसाठी बसणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

अंधार केव्हा पडतो?

इथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. जूनअखेर सूर्य रात्री नऊच्या जरा आधी मावळतो, डिसेंबरात पावणेचारच्या आत. म्हणजे जूनमध्ये सातला पोहोचलात तर लख्ख उजेडात फिराल आणि डिसेंबरात चारलाही रात्रच असेल. हिवाळ्यात चौकात नाताळचा बाजार भरतो आणि चकाकणाऱ्या कागदांचे मनोरे असलेले येशूजन्माचे देखावे, शोप्का, यांची स्पर्धा डिसेंबरच्या सुरुवातीला आदाशच्या पायथ्याशी होते. थंडी शून्याच्या आसपास धरून चाला. पूर्वी कोळशाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. २०१९ पासून शहरात कोळसा-लाकूड जाळायला बंदी आल्यावर हवा बरीच सुधारली, आजूबाजूच्या गावांतला धूर अजून येतो.

रात्री बायकामुलांना घेऊन फिरणं सुरक्षित आहे का?

हो. आम्ही फिरतो. त्रास देणारे असतात ते छत्री घेऊन उभे राहणारे दलाल, एकट्यादुकट्या पुरुषांना क्लबमध्ये ओढणारे. आत गेलात तर बिलाची रक्कम बघून घाम फुटेल. 'नाही' म्हणून चालत राहायचं. लाल सिग्नलला रस्ता ओलांडू नका, गाडी नसली तरी लोक थांबतात आणि पोलीस दंड करतात. ट्राममध्ये चढल्याबरोबर कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारा. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर तपासनीस दया दाखवत नाही.

युरो चालतील का?

नाही, झ्लोटी हे पोलिश चलनच लागतं. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र 'रुपयात रक्कम घेऊ का' असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, झ्लोटीतच द्या. नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो. नोटा बदलायच्या तर विमानतळावर नको, गावातल्या 'कांतोर'मध्ये, आणि खरेदी-विक्रीच्या दोन्ही दरांत फार अंतर नाही हे बघून.

दुसऱ्या दिवशी मिठाची खाण आणि आउशविट्झ दोन्ही उरकता येईल?

सहलवाले नेतात. मी नेत नाही. आउशविट्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी, साधारण ६५ किलोमीटरवर आहे, प्रवेश नावनिशी आगाऊ नोंदवावा लागतो आणि तिथून आल्यावर झगमगत्या झुंबरांखाली मिठाचे पुतळे बघायचं मन राहत नाही. वियेलिच्काची खाण वेगळ्या दिवशी ठेवा. विमानतळावरून जी गाडी धरलीत तीच पुढे वियेलिच्कापर्यंत जाते. फेरी दोन-तीन तासांची, खोली १३५ मीटरपर्यंत, पायऱ्या सुमारे ८००, गुडघेदुखीवाल्यांनी आधीच चौकशी करावी.

आम्ही कोल्हापूरचे. तिथली पोलिश छावणी आणि क्राकूफ यांचं काही नातं?

थेट शहराशी नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे राहिले. त्याचं स्मारक वॉर्सात आहे, इथे नव्हे. वॉर्सावरून येत असाल तर तिथे एक दुपार ठेवा.

रविवारी पोहोचतोय. दूध, बिस्किटं कुठे मिळतील?

बहुतेक रविवारी मोठी दुकानं आणि मॉल कायद्यानेच बंद असतात. हिरव्या पाटीचं झाप्का हे छोटं दुकान बहुधा उघडं सापडतं आणि स्टेशनातही काही ना काही मिळतं. दारू मात्र कुठल्याच दुकानात मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत विकत नाहीत, २०२३ पासून शहराचा तसा नियम आहे. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर चित्र नसेल, नुसता आकार असेल तर गोल म्हणजे बायका, त्रिकोण म्हणजे पुरुष. सुटे पैसे जवळ ठेवा.